एकाच पेनाने भरलेले बेचाळीस फॉर्म

मला माणसांवर सहजासहजी विश्वास ठेवता येत नाही. हा गुण की दोष, यावर आमच्या घरी बरीच वर्षं वाद चालू आहे. माझे पणजोबा संस्थानाच्या पागेत कामाला होते. घोड्यांची चंदी घोड्यांच्याच पोटात जाते की घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराच्या घरी, हे पाहणं त्यांचं काम. पुढे घोडे गेले, पागा गेली, संस्थानही गेलं, पण ती नजर आमच्या घरात राहिली. मी भाजीवाल्याच्या हातगाडीवर गिलकी उलटीपालटी करायला लागले की नवरा हळूच विचारतो, "झाली का चंदी तपासून?"

विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली. मुलाखतीला तिघे जण बसले होते. त्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, चांगल्या प्राध्यापकात काय असावं? माझ्या आधी आत गेलेल्यांनी ज्ञान, संयम, विद्यार्थ्यांबद्दल जिव्हाळा असं सगळं सांगितलं असणार. मी म्हटलं, "शंका घेता आली पाहिजे." गृहस्थ खूश झाले. ते पुस्तकात छापलेल्या गोष्टींवरच्या शंकेबद्दल बोलत होते. तेव्हा मीही त्याचबद्दल बोलत होते.

ती शंका पुस्तकांवरून मुलांवर कधी सरकली, हे नक्की सांगता येणार नाही. हजेरीत खोट्या सह्या सापडल्या, तेव्हा थोडी सरकली असेल. गेल्या दोन-तीन वर्षांत तर कहरच झाला. वर्गात दोन ओळी धड न लिहू शकणारी पोरं वीस-वीस पानांचे गुळगुळीत निबंध आणून देऊ लागली. मोबाइलला सांगायचं, मोबाइल लिहून देतो. मी चिडले, ओरडले, हाताने लिहून आणायला लावलं, तर मोबाइलमधलं हाताने उतरवून आणू लागली. आता निबंध हातात घेतला की त्यातला विषय मला दिसत नाही, आधी चोर शोधायचा असतो. विभागात मला हे शोभूनही दिसतं. गुणपत्रकात कुणी एक आकडा खोडला तरी बाजूला सही करायला लावणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे, आणि खरं सांगायचं तर मला तिचा अभिमान होता.

ज्या मुलीची ही गोष्ट आहे, ती एम.ए.च्या शेवटच्या सत्रात होती. आमच्याकडे शेवटच्या सत्रात प्रत्येकाने एक वस्ती निवडायची, घरोघरी जाऊन किमान चाळीस फॉर्म भरायचे आणि त्यावर अहवाल लिहायचा, असा रिवाज आहे. फॉर्मवर मार्गदर्शकाची सही झाली तरच तोंडी परीक्षा होते आणि तोंडी झाली तरच निकाल लागतो. तिची मार्गदर्शक मी होते. तिला भोपाळच्या एका संस्थेत क्षेत्र-सहायक म्हणून घेतलं होतं, पण निकाल हातात आला तरच. म्हणजे माझी सही नाही झाली, तर तिचं वर्षही गेलं आणि कामही गेलं. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

तिने निवडली होती शहराबाहेरची, राऊच्या पुढची एक वस्ती. राजवाड्याच्या बाजूच्या ठोक व्यापाऱ्यांकडून तयार कपड्यांचे गठ्ठे ठेकेदारामार्फत तिथल्या घरांत येतात. बायका घरी बसून काजं करतात, बटणं लावतात, लोंबणारे दोरे कापतात, आणि गठ्ठे परत जातात. त्या बायकांवर तिचा प्रकल्प होता.

मुलगी मराठी, आमच्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या हिंदी मुलखात राहिलेली. तिचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते म्हणे, वडील आता शाळेची व्हॅन चालवतात. तीस जणांच्या वर्गात मराठी पोरं तीन-चार. वर्गात ती हिंदीत बोलतात आणि माझ्या खोलीत आली की मराठी काढतात. लगेच माझे कान उभे राहतात. आपलेपणाची फोडणी घालून गुण वाढवून घ्यायला आली असतील, असंच मला वाटतं. ही मुलगी तर पहिल्या दिवसापासून मराठीतच बोलायची, म्हणून मी तिच्याशी जरा जास्तच कोरडी वागायचे.

तिने बेचाळीस फॉर्म माझ्या टेबलावर आणून ठेवले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. वस्तीतून आलेले फॉर्म मी सत्तावीस वर्षं पाहते आहे. त्यांना घड्या पडलेल्या असतात, कुठे हळदीचं बोट उमटलेलं असतं, कुठे मध्येच शाई बदलते कारण पेन संपलेलं असतं. हे बेचाळीसच्या बेचाळीस फॉर्म कोरे करकरीत होते. सगळे एकाच निळ्या पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात, टेबलावर बसून लिहिल्यासारखे. आणि एकाही फॉर्मवर बाईचं नाव नव्हतं, फक्त नंबर.

"हे सगळे एकाच पेनाने?" मी विचारलं.

"हो मॅडम. घरी बसून लिहिली ना," ती म्हणाली, आणि हसली.

घरी बसून! वर हसते! मी स्वतःला आवरलं. "नावांची यादी कुठे आहे?"

"आहे माझ्याजवळ. पण ती लिस्ट नाही देऊ शकत मॅडम."

"मला नाही देऊ शकत? मी गाइड आहे तुझी."

"हो ना, म्हणूनच," असं म्हणून ती पुन्हा हसली. जणू आमच्या दोघींत काहीतरी ठरलेलं आहे आणि मी मुद्दाम वेड पांघरते आहे.

मी तिला दोन दिवस दिले. यादी घेऊन ये, नाहीतर सही मिळणार नाही. दोन दिवसांनी ती आली, रिकाम्या हाताने. हसू तेवढं कमी झालं होतं. "मॅडम, मी खुद जाऊन आली आहे हर घरी. सच्ची. पण लिस्ट नाही," एवढंच म्हणाली. रडली नाही, गयावया केली नाही. खोटं बोलणारी पोरं माझ्यासमोर रडतात. ही रडत नाही म्हणजे पक्की तयारीची दिसते, असा मी अर्थ काढला. रडली असती तर नाटक करते म्हटलं असतं, हे मला आता कळतं.

रविवारी सकाळी पोहे खाताना मी ते फॉर्म घेऊन बसले. नवरा म्हणाला, "पोरीनं घरी बसून लिहिले असतील तर तुला वाचून कसं कळणार?" मी म्हटलं, खोटं कुठेतरी जास्त बोलतंच. आणि तेरा नंबरच्या फॉर्मवर मला ते सापडलं असं वाटलं. नवऱ्याचा पाय बांधकामावर मोडलेला, पायाला प्लास्टर. तीन मुली, त्यातल्या धाकट्या दोघी जुळ्या. सासूला एका डोळ्याने दिसत नाही. एका ठेकेदाराचं काम घेता की दुसऱ्याचंही घेता, या प्रश्नापुढे लिहिलं होतं: "दुसरीकडूनही घेते, गुपचूप. पहिल्याला कळलं तर तो गठ्ठे बंद करेल."

मोडका पाय, जुळ्या मुली आणि एका डोळ्याची सासू एकाच घरात! मला हसू आलं. मोबाइलला सांगितलं असणार, जरा दुःखी कुटुंब बनव. "मी जाऊन बघते," मी म्हटलं. नाव नसलं तरी असं घर असेल तर लगेच सापडेल, नसेल तर सापडणार नाही. आपल्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते. नवरा नुसतं "चंदी" म्हणाला आणि त्याने पेपर उघडला.

मी रिक्षाने गेले. वस्तीच्या तोंडाशी चहाची टपरी होती. तिथे एक माणूस मोटरसायकल लावून चहा पीत उभा होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. मला फाइल घेऊन उतरताना पाहून तो पुढे आला. "आओ मैडमजी, कां जाना है आपको? बैठो नी पेले," म्हणत त्याने टपरीवाल्याकडून खुर्ची मागवली आणि स्वतःच्या रुमालाने पुसून दिली. मला तो आवडला. आजकाल कोण कुणाला खुर्ची पुसून देतं?

मी सांगितलं, विद्यापीठातून आले आहे, एका मुलीने इथे येऊन माहिती गोळा केल्याचं म्हणते, ते खरं की खोटं ते बघायचंय. तीन मुली, त्यात दोन जुळ्या, नवऱ्याचा पाय मोडलेला, असं घर आहे का इथे?

"है ना," तो लगेच म्हणाला.

खरंच असं घर आहे म्हटल्यावर मी थोडी हिरमुसले. पण घर ऐकीव असू शकतं. मुलगी आत गेलीच होती कशावरून?

"लाओ, दिखाओ तो सही क्या लिखा है उसने. अपन बता देंगे सच्चा है के झूठा."

मी त्याला फॉर्म दिला. मी तेरा नंबरचा फॉर्म स्वतःच्या हाताने त्या माणसाच्या हातात दिला. त्याने चष्मा लावून तो सावकाश वाचला, उलटून मागची बाजूही वाचली. माझ्या मनात काय आलं सांगू? माझे विद्यार्थी एवढ्या लक्षपूर्वक एक पान वाचतील तर किती बरं होईल, असं आलं. त्याच्या मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना जुन्या चादरींत बांधलेले कपड्यांचे गठ्ठे लटकत होते. ते मला दिसत होते. भाजीवाल्यापासून स्वतःच्या विद्यार्थिनीपर्यंत सगळ्यांवर संशय घेणाऱ्या मला त्या एका माणसाचा संशय आला नाही, कारण त्याने खुर्ची पुसून दिली होती.

त्यानेच मला त्या घरापर्यंत नेलं. दारात एक बाई मांडीवर शर्ट घेऊन बटणं लावत बसली होती. आत खाटेवर प्लास्टर घातलेला पाय दिसत होता. मी विचारलं, "कॉलेज की कोई लड़की आई थी क्या, आपसे सवाल पूछने?"

बाईने वर पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या मागे. मग सुईत नजर घातली. "कोई लड़की नहीं आई."

"पक्का?"

"कोई नहीं आई थी यहाँ."

आणखी दोन घरं त्याच माणसाने दाखवली. तिथेही तेच उत्तर मिळालं. मी डायरीत लिहून घेतलं: तिन्ही घरांतून नकार. मला आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. आपला अंदाज खरा ठरल्याचा आनंद. परत येताना मी रिक्षा थांबवून कचोरी खाल्ली आणि नवऱ्यासाठीही दोन बांधून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मी तिला खोलीत बोलावलं. दार उघडंच ठेवलं, कारण अशा वेळी दार उघडं ठेवावं असा माझा नियम आहे. मी म्हटलं, "काल मी तुझ्या वस्तीत जाऊन आले. कोणतीही मुलगी आली नव्हती, असं तिघींनी तोंडावर सांगितलं. आता बोल."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. सापडली, मी मनात म्हटलं.

"कोणच्या घरी गेल्या होत्या मॅडम?"

"तेरा नंबर."

"पण त्यावर तर नाव नाही ना लिहिलं. तुम्हाला घर कसं भेटलं?"

"जुळ्या मुली, मोडलेला पाय. विचारलं की सापडतं."

"कोणाला विचारलं?"

"होता एक भला माणूस टपरीवर. त्यानेच घर दाखवलं."

ती माझ्या टेबलाची कड धरून उभी होती. "गाडीवर गठ्ठे होते काय त्याच्या?"

माझ्या डोळ्यांसमोर त्या दोन जुन्या चादरी आल्या. एक निळ्या फुलांची होती.

"मॅडम, फॉर्म तर नाही ना दाखवला तुम्ही त्याला?"

मार्क, सही, भोपाळ, यांतलं तिने काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं. मला खोटं बोलता आलं असतं. सत्तावीस वर्षं मी पोरांचं खोटं पकडते आहे, खोटं कसं बोलावं हे मला चांगलं कळतं. पण ती माझ्याकडे अशी पाहत होती की मी नाही म्हटलं असतं तर तिने ते तसंच मानलं असतं. ते मला झेपलं नसतं. "दाखवला," मी म्हटलं. "त्याने पूर्ण वाचला."

ती खुर्चीत बसली. मी बस म्हटल्याशिवाय कधी बसायची नाही.

मग मी विचारलं, आणि माझा आवाज अजूनही चढाच होता, कारण चूक कळल्यावर लगेच नरमणं माझ्या स्वभावात नाही. "तू मला आधी का नाही सांगितलंस? पेनाचं, यादीचं?"

"तुम्हीच तर बोलल्या होत्या मॅडम." तिने पिशवीतून एक जुनी वही काढली. बहुतेक अहवालासाठी ती रोज बरोबरच ठेवत होती. पहिल्या सत्रातल्या माझ्या पहिल्या तासाची पानं तिने उघडली. त्यांत माझीच वाक्यं होती. पेन काढलं की माणूस बंद होतो. पेन पिशवीत ठेवा, त्यांच्याबरोबर बसा, हाताला काम मागून घ्या. ऐकलेलं त्याच संध्याकाळी घरी जाऊन, जेवायच्या आधी लिहून काढा. आणि खाली दोन रेघा मारून: कोणी सांगितलं ते कोणालाच सांगायचं नाही, गाइडने मागितलं तरी नाही.

हे मी दर वर्षी सांगते. तरुणपणी मी एका अंगणात बायकांबरोबर मेथी निवडत बसले होते आणि पेन न काढल्यामुळे त्या माझ्याशी कशा बोलल्या, ते फार रंगवून सांगते. "गाइडने मागितलं तरी" म्हणताना तर टेबलावर हात आपटते. मुलं हसतात, मलाही बरं वाटतं. ते वाक्य कुणी खरं मानून चालेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"मी बटणं लावली मॅडम त्यांच्यासोबत. दोन महिने. तेव्हा बोलल्या त्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही लिस्ट मागितली ना, तर मला वाटलं तुम्ही टेस्ट घेताय. देते की नाही, ते बघताय. म्हणून मी हसली."

मी बेचाळीस फॉर्मांचा गठ्ठा ओढून घेतला आणि पेन उघडलं. सही करणं तेवढं माझ्या हातात होतं आणि ते मला लगेच करून टाकायचं होतं.

तिने फॉर्मांवर हात ठेवला. "आत्ता नको मॅडम. आधी तेरा नंबरच्या ताईकडे चला."

तिच्या स्कूटीवर मागे बसून मी त्याच वस्तीत गेले. टपरी होती, मोटरसायकल नव्हती. त्या घराच्या दारात बाई बसली होती आणि तिच्या मांडीवर शर्ट नव्हता. परातीत मटार होते, दुसऱ्या कुणाचे तरी सोलायला घेतलेले. दोन सारख्या दिसणाऱ्या पोरी बाजूला बसून दाणे काढत होत्या. माझ्याबरोबरच्या मुलीला बघून त्या उठल्या आणि धावत तिच्या कमरेला बिलगल्या.

"इधर आओ," बाई पोरींना म्हणाली. पोरी परत जाऊन बसल्या.

"ताई, काम..." मुलीने विचारायला तोंड उघडलं.

"कौन हो तुम?"

"ताई, मैं..."

"हम नहीं जानते. यहाँ कोई लड़की नहीं आई थी." तेच वाक्य, त्याच आवाजात. फक्त आदल्या दिवशी ते त्या माणसासाठी होतं आणि आज आमच्यासाठी. ती मटार सोलत राहिली.

मी म्हटलं, चूक माझी आहे, हिची नाही, मी त्या माणसाशी बोलते, दुसरीकडे काम बघते. मास्तरीण असल्यामुळे मला लांब वाक्यं येतात, तशी बरीच बोलले. बाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मैडमजी, आप जाओ. आप खड़ी रहोगी तो दूसरे घरों का भी काम बंद हो जाएगा." गल्लीतल्या तीन-चार दारांतून बायका पाहत होत्या. आम्ही निघालो.

मी नंतर काय काय केलं ते सांगून स्वतःची बाजू मांडायची नाही. ओळखीच्या दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला, एका ठिकाणाहून निरोपही गेला. बाईने ते काम घेतलं नाही. का घेतलं नाही, ते कळायला मार्ग नाही. माझ्या ओळखीचं काम होतं, म्हणूनच बहुधा.

फॉर्मांवर मी दुसऱ्या दिवशी सही केली. मुलीने अहवाल वेळेत लिहिला. टाइप करून माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि शेवटच्या सहीसाठी उभी राहिली. पहिल्यांदाच मी तिचं लिखाण चोर न शोधता वाचलं. चांगलं होतं, माझ्या पीएच.डी.तल्या काही प्रकरणांपेक्षाही. सर्वेक्षणाच्या मर्यादा सांगणाऱ्या पानावर शेवटी दोन ओळी होत्या. बेचाळीसपैकी एक फॉर्म वगळला आहे. संशोधकाच्या चुकीमुळे उत्तरदात्रीची ओळख उघड झाली व तिचे काम बंद झाले.

संशोधकाच्या. म्हणजे तिच्या. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार, पहिला प्रश्न यावरच विचारणार, आणि ती मान खाली घालून ऐकून घेणार. सांगितलं कुणी हे उघड करायचं नाही, हा माझाच नियम ती माझ्यासाठीही पाळत होती. मला राग आला, तिचा आणि त्याहून जास्त माझा.

मी लाल पेनाने "संशोधकाच्या" हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, "मार्गदर्शकाच्या". पानाखाली माझ्या नावापुढे सही केली आणि अहवाल तिच्याकडे सरकवला.

तिने ते पान वाचलं. धन्यवाद म्हणेल असं मला वाटलं होतं. आता राहू द्या मॅडम, असंही म्हणेल असं वाटलं होतं, आणि म्हणाली असती तर कदाचित मी राहू दिलंही असतं.

"खोडलंय मॅडम," ती म्हणाली. तिने पान पुन्हा माझ्याकडे फिरवलं, त्या शब्दाच्या बाजूला बोट ठेवलं आणि पिशवीतून तेच निळं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "बाजूला पण सही करा."

मी केली.